पांढरा चौकोन

बंद पडलेल्या गोदामात त्या दिवशी तीनशे माणसं मावली होती आणि जी मावली नव्हती ती खिडक्यांना लटकली होती. मंचावर चौकोनबाबा डोळे मिटून बसले होते. समोर वाळूने भरलेलं तांब्याचं भांडं होतं, त्याचं नाव सत्यपात्र. ही वाळू एका उंच, बर्फाळ पर्वताच्या शिखरावरून मंत्र म्हणत आणली आहे, असं बाबा सांगत. शिखरावर वाळू कशी, हे कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. मी खिडकीला लटकलेल्यांपैकी होतो आणि मला बोलायला दोन्ही हात मोकळे लागतात.

वाळूत दोन बाटल्या खोचल्या होत्या. एक आरोग्य केंद्राची, गोवराच्या लशीची, अंगठ्याएवढी. दुसरी बाबांच्या तेजोजलाची. दोन्हींच्या लेबलावर एक जांभळं वर्तुळ आणि त्यात एक पांढरा चौकोन.

"लशीतलं विष डोळ्यांना दिसत नाही," बाबा माईकमध्ये म्हणाले. "पण मंत्रापुढे ते लपून लपून किती वेळ लपेल? अर्धा तास. फार तर पस्तीस मिनिटं."

पस्तीस मिनिटं सगळ्यांनी मंत्र म्हटला. मग बाबांनी हाताला जाड रेशमी कापड गुंडाळलं, आदर म्हणून. बाटल्या उचलल्या, गार पाण्याच्या वाडग्यात बुडवून शुद्ध केल्या आणि उंच धरल्या. तेजोजलाचा चौकोन पांढराच होता. लशीचा मात्र गडद जांभळा झाला होता. लोकांनी असा काही श्वास घेतला की गोदामातली हवा कमी पडली.

आरोग्य केंद्राची सिस्टर पहिल्या रांगेत होती. लस तीच घेऊन आली होती, परीक्षेला घाबरायचं काय कारण, म्हणून.

"सिस्टर, आता तुम्हीच सांगा," बाबा गोड आवाजात म्हणाले. "अशी बाटली तुम्ही कुणाच्या बाळाला टोचाल?"

सिस्टर खरं बोलणारी बाई, हीच पंचाईत. महिनाभर दारोदार फिरून तिने हेच शिकवलं होतं: "माझ्यावर विश्वास ठेवू नका, चौकोनावर ठेवा. पांढरा असेल तर लस चांगली. गडद झाला तर मला दारातून हाकलून द्या." तिने बाटली हातात घेतली, निरखून पाहिली आणि म्हणाली, "नाही. ही फेकावी लागेल."

आणि नियमाप्रमाणे ती टाकाऊ बाटल्यांच्या पिशवीत टाकली. तीनशे लोकांसमोर!

"ऐकलंत?" बाबा उठून उभे राहिले. "चाळीस देशांनी मिळून मोहीम काढली आहे म्हणे, तुमची पोरं वाचवायला. चाळीस देशांना तुमचा एवढा पुळका अचानक कुठून आला? चांगलं त्यांच्या लेकरांना, उरलंसुरलं पेटीत भरून तुम्हाला!"

यात निम्मं खरं होतं, म्हणून तर ते खपलं. ही लस श्रीमंत देशांतल्या मुलांना आमच्या कितीतरी वर्षं आधी मिळाली होती. आमच्याकडे ती उशिरा यायची, कमी यायची, कधी यायचीच नाही. ज्याला जन्मभर रांगेच्या शेवटी उभं केलं, त्याला आपल्या वाट्याला काही धड येईल असं वाटत नाही.

सिस्टरने बाबांवर संशय घेतला नाही. तिने स्वतःच्या फ्रिजवर घेतला. लशीची पेटी कुठेतरी तापली असणार, असं धरून तिने लसीकरण थांबवलं आणि तीन आठवडे फ्रिजसमोर स्टूल टाकून तासातासाला तापमान लिहीत बसली. केंद्र बंद दिसल्यावर लोकांची खात्रीच पटली. मोहिमेच्या अहवालात आमची वस्ती 'अनुत्सुक' या रकान्यात गेली. गोवर काही त्या रकान्यात थांबला नाही. तिसऱ्या आठवड्यात वस्तीतल्या शिंप्याची चार वर्षांची मुलगी अंगभर पुरळ आणि ताप घेऊन रुग्णालयात गेली.

शिंप्याच्या समोरच्या खोलीत माझी भाची राहते. तिचा मुलगा नुकताच नऊ महिन्यांचा झाला होता, म्हणजे पहिली मात्रा घ्यायच्या वयाचा. मी गेलो तेव्हा ती त्याला चमच्याने तेजोजल पाजत होती.

"अगं, समोरच्या दारात गोवर आलाय. लस दे त्याला."

"मामा, तू नव्हतास का तिथे? सिस्टरनेच फेकली ना ती? मग माझ्या पोराला कशाला?"

हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून मी तेजोजलाची बाटली उचलली. वर्तुळाची जांभळी कड डावीकडे केसभर सरकली होती. असा दोष ज्या यंत्रात आहे ते माझ्याच छापखान्यात आहे.

दोन महिन्यांपूर्वी इस्त्रीचा सदरा घातलेला एक सभ्य माणूस नमुना घेऊन आला होता. दोन हजार लेबलं, साधी शाई, पुसली जाणार नाही अशी. मी छापून दिली. आमच्या धंद्यात मजकूर तपासतात, मतलब नाही. बाटली खिशात घालून मी थेट केंद्रात गेलो.

"सिस्टर, हा चौकोन गडद कशाने होतो?"

"उष्णतेने," फ्रिजवरची नजर न काढता ती म्हणाली. "त्यात उष्णतेने रंग बदलणारा पदार्थ असतो. बाटली किती तापली याची ती खूण आहे. एकदा गडद झाला की पुन्हा पांढरा होत नाही."

"विषाने?"

"विषाचा काय संबंध? फक्त उष्णतेने."

"आणि बाबांच्या बाटलीवरचा?"

"तोही तसाच असेल ना."

"तो माझा आहे," मी म्हणालो. "साधी शाई. तळून काढलात तरी पांढराच राहील."

सिस्टर पहिल्यांदाच फ्रिजपासून वळली. मग हळूच म्हणाली, "गार पाण्यात बुडवून दिली त्याने माझ्या हातात. गरम लागू नये म्हणून."

पुढच्या सभेला सत्यपात्र पुन्हा परीक्षेसाठी मांडलं होतं, तेव्हा सिस्टर एक बर्फाची पेटी, एक स्टोव्ह आणि तारीख उलटलेल्या पण चौकोन पांढरा असलेल्या लशीच्या दोन बाटल्या घेऊन आली. एक तिने बर्फात ठेवली. दुसरी स्टोव्हवरच्या पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात टाकली.

"बाबा, बर्फातल्या बाटलीवर मंत्र म्हणा. पातेल्यातलीवर कुणी अक्षरही बोलायचं नाही."

"बर्फात मंत्र गोठतो," बाबा तत्काळ म्हणाले.

"पर्वताच्या शिखरावर नाही गोठला तो?" मागून कुणीतरी विचारलं. लोक हसले आणि तिथेच बाबांचं निम्मं आसन डळमळलं. शेवटी त्यांना म्हणावाच लागला. पस्तीस मिनिटं मंत्र झाला. बर्फातला चौकोन पांढरा राहिला. पातेल्यातला, कुणी एक शब्द न बोलता, गडद जांभळा झाला.

"ते यांचं विज्ञान!" बाबा गरजले. "सत्यपात्रात कुठे आग आहे? कुठे धूर आहे?"

तेव्हा शिंपी उठला. रुग्णालयातून तो थेट तिथे आला होता, चार दिवसांची दाढी वाढलेली. इस्त्री तापली का हे शिंपी जसं बघतात, तसं त्याने बोट जिभेला लावून ओलं केलं आणि वाळूला टेकवलं. चर्र झालं. पहिल्या दहा रांगांना ऐकू गेलं. त्याने भांडं लाथेने कलंडवलं. खाली विजेची शेगडी होती आणि तिची वायर गालिच्याखालून पडद्यामागे गेली होती.

आता माझी पाळी होती. मी खिडकीतून आत उतरलो आणि लेबलं मी छापली, साध्या शाईने छापली, कशासाठी ते विचारलं नाही, असं सगळं सांगितलं. बोलताना मी भाचीकडे पाहत होतो.

"तू छापलंस, मामा?"

"हो."

"आणि मी रोज सकाळी त्याला पाजत होते."

ती रडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने बाळाला खांद्यावर घेतलं, सिस्टरसमोर जाऊन उभी राहिली आणि विचारलं, "केंद्र किती वाजता उघडता?" गोंधळात बाबा आणि तो इस्त्रीच्या सदऱ्यातला माणूस मागच्या दाराने गेले. माईक तेवढा विसरले.

दुसऱ्या दिवशी केंद्राबाहेरची रांग गल्लीच्या टोकापर्यंत होती. सिस्टरने एकेकाला चौकोन दाखवला आणि या वेळी पूर्ण सांगितलं: "लांबच्या प्रवासात, वीज नसलेल्या गावांत लस तापून खराब व्हायची आणि कुणाला कळायचंही नाही. म्हणून ही खूण आली. कुणी तुमच्या गळ्यात खराब माल मारू नये, एवढ्यासाठीच ती आहे." भाचीच्या मुलाने सुई टोचताच जो टाहो फोडला, तो ऐकून मला फार बरं वाटलं.

पुष्कळ जण मला म्हणतात की लोक अडाणी म्हणून फसले. मला ते पटत नाही. लोकांना चौकोन वाचता येत होता, म्हणूनच ते फसले. गडद म्हणजे वाईट, एवढं सिस्टरने शिकवलं होतं. गडद का होतो, हे तिने सांगितलं नव्हतं, आम्ही विचारलं नव्हतं आणि मी तर छापतानाही विचारलं नव्हतं. त्या न विचारलेल्या प्रश्नात बाबा येऊन बसला. तेव्हा कुणीही काही दाखवलं, मग तो बाबा असो, डॉक्टर असो की चाळीस देशांची मोहीम, त्याला विचारा: हे कशाने होतं? पुन्हा करून दाखवाल का? आमच्या भांड्यात दाखवाल का? सिस्टरला विचारलं, तर ती स्टोव्ह घेऊन आली. बाबाला विचारलं, तर तो मागच्या दाराने गेला.

शिंप्याची मुलगी घरी आली आहे. तापात तिचा उजवा कान गेला. मी छापखाना बंद करून संध्याकाळी तिच्याकडे जातो, तिच्या डाव्या बाजूला बसतो. परवा तिने विचारलं, "काका, मला या कानाने ऐकू का येत नाही?" मी तिला सगळं सांगितलं. सुरुवात लेबलापासून केली.