चारशे एकवीस नंबरचं पुस्तक

मी बोलतोय, चारशे एकवीस नंबरचं पुस्तक. माझ्यात दोन बायकांनी थाटलेल्या संसाराची गोष्ट आहे. पण आमच्या गावच्या वाचनालयात सगळ्या पुस्तकांना एकच खाकी कव्हर आणि त्यावर फक्त नंबर, त्यामुळे माझी अब्रू बरीच वर्षं झाकलेली राहिली.

मला घरी नेणारी एकच, शिवणकाम करणारी ताई. पुस्तक नेताना सही करायचं कार्ड माझ्या शेवटच्या पानाला लावलेलं, त्यावर तीन सह्या होत्या, तिन्ही तिच्या, मुंगीएवढ्या. ती एका नर्सबरोबर राहते. गाव नर्सला तिची मावसबहीण समजतं आणि दोघी तो गैरसमज दूर करायची घाई करत नाहीत. खोली भाड्याची, गिरणीवाल्यांची.

गिरणीवाले वाचनालयाचे अध्यक्षही. एकदा खतांचं पुस्तक समजून त्यांनी मला उचललं आणि तिथेच वाचायला बसले. अकरा पानं झाली तरी खत येईना, तेव्हा ते भडकले.

समितीत दोन पक्ष. एकाचं वर्तमानपत्र खिडकीजवळच्या टेबलावर, दुसऱ्याचं दाराजवळच्या. गिरणीवाले आणि विरोधी पक्षाचे ट्रॅक्टरदुरुस्तीवाले नऊ वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. माझ्यामुळे ते एका बाकावर बसले. ठराव झाला, पुस्तक काढायचं आणि कार्डावरची नावं सभेत वाचायची.

"ही घाण नेतं तरी कोण, कळू दे गावाला," गिरणीवाले म्हणाले.

ताईची खोली जाणार, हे मला दिसत होतं. मी फार घाबरलो.

ग्रंथपालबाई शांतपणे म्हणाल्या, "नियम आहे. समितीतल्या प्रत्येकाने वाचल्याशिवाय पुस्तक काढता येत नाही. सही करा आणि घरी न्या."

सातही सभासदांनी मला नाक मुरडत नेलं. एकाने आवडलेल्या, म्हणजे आक्षेपार्ह ओळींखाली पेन्सिल ओढली. एकाने मुदत वाढवून घेतली, किळस नीट यावी म्हणून असेल. ट्रॅक्टरवाले शेवटच्या प्रकरणाला रडले. पान ओलं झालं म्हणून मला ठाऊक.

पुन्हा सभा भरली. बाईंनी चष्मा लावला.

"शेवटून वाचते हं. अध्यक्ष, दोनदा..."

"राहू द्या हो," दोन्ही पक्ष एकदम म्हणाले.

मग मला कपाटात कुलूपबंद केलं. किल्ली बाईंकडेच राहिली, याची चौकशी कोणी केली नाही.

काल ताई आली, बरोबर नर्स. "या वेळी दोघींच्या नावावर द्या," ताई म्हणाली. दोघींनी सह्या केल्या, लांबून वाचता येतील एवढ्या मोठ्या. खिडकीजवळ बसलेल्या गिरणीवाल्यांनी त्या वाचल्या आणि मुकाट्याने वर्तमानपत्राचं पान उलटलं.

माझं कार्ड आता भरलंय, बाई नवं लावणार आहेत. माझ्यावर बंदी घालायची तर खुशाल घाला. फक्त आधी सही करा आणि मला घरी न्या.