पातळ की कातळ?

बुवापाड्यात बुवा आला, यात नवल ते काय! पण नळाच्या रांगेतल्या बायाही हंडे टाकून धावल्या. मधोमध वाफाळतं घंगाळ, बुवांच्या हातात शेंदूर फासलेल्या दोन मेणबाहुल्या.

"पाप असेल तर पातळ, पुण्य असेल तर कातळ!" बुवा गरजले.

चाळीतल्या संतोषच्या लेकीचा ताप उतरत नव्हता. ठपका आला जिजावर. बारवीच्या रानातला मध विकणारी एकटी बाई. तिचीच नजर लागली म्हणे. तिची बाहुली वितळली तर तिनं आजच खोली सोडायची, असं चाळीनं ठरवलेलं.

बुवांनी आधी स्वतःच्या नावाची बाहुली पाण्यात सोडली. ती बदकासारखी तरंगली. मग जिजाची. आधी नाक गेलं, मग कंबर, मग पिवळी साय पसरली.

"पिघल गई ना!" रिक्षावाला बाळा किंचाळला.

जिजानं मात्र नाक फुलवलं. "भारते, अगं, ह्यो तर माझ्या मधाचा वास! ह्यानंच माझ्याकडनं पोळ्याचं मेण नेलं, देवीच्या दिव्याला म्हणून!"

शेजारची भारती मेणबत्तीच्या कारखान्यात कामाला. तिनं तरंगती बाहुली पळीनं काढली, गार पाण्यात बुचकळली आणि नख लावलं. नख सरकन घसरलं.

"बुवा, हे गॅसपासून बनवलेलं कारखान्याचं मेण. ना वास, ना चिकटपणा. पाण्याला उकळी फुटली तरी याला घाम फुटत नाही. माशीचं मेण पासष्ट डिग्रीतच हातपाय गाळतं."

"जीभ झडेल, पोरी!"

"झडू दे. आधी नावं बदलू. नख रुतेल ती तुमची, घसरेल ती जिजामावशीची."

बुवा झोळी कवटाळू लागले, पण संतोषनं ती ओढली. आत पुढच्या वस्तीसाठी बाहुल्या तयारच होत्या. भारतीनं नख लावून दोन निवडल्या, पाण्यात सोडल्या. जिजा तरंगली. बुवांचं नाक गेलं, कंबर गेली.

"बुवा पातळ!" बाळा ओरडला. वळून बघतात तो खरंच बुवा कल्टी मारून पसार.

"संतोषदादा, लेकीला दवाखान्यात ने," भारती म्हणाली. "ताप मेणाला नाही, तिला आलाय."

संतोषनं जिजापुढे मान खाली घातली आणि लेकीला उचलून बाळाच्या रिक्षात बसला.

लोकहो, पुढचा बुवा येईल तेव्हा हात जोडण्याआधी नख लावून बघा. जिजा तर घंगाळावरची आपली साय गोळा करता करता गातच होती:

मेण माशीचं पाघळं, कारखान्याचं निबार
आधी नख लावा बाई, मग ठरवा गुन्हेगार