शून्य साहेबांचा मासा

हसू नका, मी मासळीबाजारातला काटा नाही. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातल्या एका दवाखान्यात नवजात बाळं तोलणारा मी वजनकाटा. गावातलं निम्म्याहून अधिक माणूस रडत रडत माझ्याच परातीत पहिल्यांदा निजलंय. व्हर्ना नर्स वजन एवढ्या मोठ्यानं पुकारायची, की बाहेर पैजा लावून बसलेले आजोबा तिथंच नाचायचे.

मग प्रेस्कॉट साहेब दवाखान्याचे प्रमुख झाले. "बाळंतपणात नफा नाही," म्हणाले आणि आमच्या विभागाला कुलूप ठोकलं. तेव्हापासून गर्भार बायकांना साध्या तपासणीलाही घाट उतरून सत्तर मैल जावं लागतं. दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच.

दोन हिवाळ्यांपूर्वी गावातल्या डेसाला कळा सुरू झाल्या, तेव्हा घाटात बर्फ होतं. डेसाच्या नवऱ्याच्या ट्रकमध्येच तिची मुलगी जन्मली आणि तिथंच गेली. तिचं वजनसुद्धा कुणी केलं नाही. ते माझं काम होतं! अडगळीत पडल्यापडल्या मी ठरवलं, साहेबांना सोडायचं नाही.

संधी त्यांनीच आणून दिली. तळ्याकाठच्या मासेमारीच्या स्पर्धेचे यंदाचे यजमान साहेब. ऐन वेळी तिथला काटा मोडला, म्हणून त्यांनी मलाच मागवलं. वजन पुकारायला व्हर्ना होतीच. साहेबांनी भलाथोरला मासा माझ्यात आपटला. मी दातओठ खाऊन सुई धरून ठेवली.

"वजन शून्य!" व्हर्नानं पुकारलं.

"काटा बिघडलाय, बाई!" साहेब ओरडले.

डेसाच्या नवऱ्यानं, क्लाइडनं, आपला तळहाताएवढा मासा ठेवला. मी सुई सोडली.

"एक पौंड! क्लाइड, तळून खा लेका!"

साहेबांनी पुन्हा आपला ठेवला. पुन्हा शून्य. सारं तळं खदखदून हसलं.

तेवढ्यात डेसा पुढं आली. तिला पाचवा महिना होता. हसू विरलं.

"काटा चांगला आहे, साहेब," ती म्हणाली. "माझी पोर यात निजायची होती. तुम्ही कुलूप लावलंत."

साहेब मासा तिथंच टाकून गाडीकडे गेले. त्या दिवसापासून गाव त्यांना 'शून्य साहेब' म्हणतं. मला ऐकून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू?

डेसानं मला घरी आणलंय. परातीत मऊ टॉवेल अंथरलाय. तिचे दिवस भरत आलेत, घाटात पहिलं बर्फ पडलंय आणि कुलूप तसंच आहे. साहेब, किल्ली काढा. या खेपेलाही पोर माझ्या परातीत आलं नाही, तर नुसत्या शून्यावर भागणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.