मानाच्या चटईखाली

वकील रोसालिनाबाईंच्या कचेरीत एसेता पाऊण तास ताटकळत बसली होती, आणि तेवढ्या वेळात तिने बाईंना पुरतं जोखून टाकलं होतं. भिंतीवर तीन प्रमाणपत्रं, तिन्ही न्यूझीलंडची. टेबलावर कागदांचा ढीग, त्यात कुठेतरी दबलेली एसेताची सोळा वर्षांची लेक तिलोमाई. पंखा असा बसवलेला की वारा फक्त बाईंनाच लागावा. एसेता समुद्रकाठच्या हॉटेलात अकरा वर्षं चादरी धुते. मळक्या चादरीवरून माणूस ओळखता येतो, असं ती सगळ्यांना सांगते, आणि ते फारसं खोटं नाही.

"हं, बोला मावशी," बाईंनी एकदाचं वर बघितलं. "चोरी कशाची?"

"चोरी नाही. चोरीचा आरोप."

"तेच ते."

"तेच कसं? मी आत्ता तुमच्यावर केला, तर चालेल?"

बाईंनी चष्मा काढून पुसला आणि कागद ओढून वाचायला घेतला. गावच्या चर्चच्या पाळकांच्या घरातली मानाची चटई, अंथरायची नव्हे, समारंभात भेट द्यायची, ती गेली होती. तिलोमाई दर शनिवारी तिथे झाडलोट करायला जायची, गावातल्या सगळ्याच मुली पाळीपाळीने जातात. चटई मूळची तिच्या आजीची. म्हणून पोलिसांनी लिहिलं होतं, की मुलीने घरची वस्तू म्हणून परत लांबवली.

"म्हणजे कारण आहे, संधी होती," बाई म्हणाल्या. "चटईचं वर्णन काय? इथे नुसतं 'एक जुनी चटई' लिहिलंय."

"एक जुनी चटई!" एसेताच्या अंगाचा तिळपापड झाला. "माझ्या आईने चौदा महिने विणली ती. पट्ट्या इतक्या बारीक, की हातात धरली तर कापड वाटेल. खाली लाल पिसांची झालर. आणि डाव्या कोपऱ्यात वीतभर काम माझ्या हातचं. नऊ वर्षांची होते, आई तापाने पडलेली. मी शहाणपणा करायला गेले आणि एकीऐवजी दोन-दोन पट्ट्या खालून घातल्या. आईने ते उसवलं नाही. राहू दे म्हणाली, तुझी खूण."

"बरं. आणि ती पाळकांकडे कशी गेली?"

"मागच्या वर्षी आई गेली तेव्हा आमच्या काकांनी दिली. आईला अजून मातीही दिली नव्हती आणि काकांचा मानपान सुरू झाला होता. मला कोण विचारतंय?"

बाईंनी यातलं एक अक्षर लिहून घेतलं नाही. पेन बोटांत फिरवत त्या म्हणाल्या, "हे बघा मावशी, गुरुवारी तारीख आहे. मी सांगते तसं करा. मुलीने गुन्हा कबूल करायचा. त्याआधी तुमच्या घराण्याने पाळकांच्या दारात इफोंगा करायची. डोक्यावर चटई घेऊन बसा, त्यांनी ती उचलली की माफी झाली. मी स्वतः येऊन फोटो काढते, अर्जाला जोडते. न्यायाधीशबाई जुन्या वळणाच्या आहेत, इफोंगा बघितली की विरघळतात. समज देऊन सोडतील."

"पण तिने घेतलीच नाही."

"मग खटला चालवावा लागेल. समोर साक्षीला कोण? पाळकीणबाई. त्यांच्या विरोधात तुमच्या सालेफाता गावात कोण उभं राहील, नाव सांगा एक."

एसेताने मनातल्या मनात सगळं गाव फिरून बघितलं. नाव नव्हतं.

"आणि तिचं नर्सिंगचं?" एसेताने विचारलं. "जानेवारीत प्रवेश आहे. चोरीचा शिक्का असलेली मुलगी घेतात तिथे?"

"शिक्का राहील. पण बारीक."

"बारीक म्हणजे? अर्धी चोर?"

बाईंनी घड्याळ बघितलं. एसेता उठली. एवढं शिकून आल्या, तीन-तीन प्रमाणपत्रं टांगली, आणि सल्ला काय दिला, तर जा आणि दारात बसा. हे तर गावातल्या कोणत्याही म्हातारीने पंख्याशिवाय सांगितलं असतं.

बस आपिया शहरातून निघाली तेव्हा मात्र तिला रडू आलं, आणि शेजारच्या बाईने विचारलं तर तिने कांद्याच्या पोत्याकडे बोट दाखवलं.

घरी सेउपुलेकाका वाट बघत बसलेच होते. घराण्याच्या प्रमुखाची पदवी मिळाल्यापासून काका साधे शिंकले तरी भाषणासारखे शिंकायचे. गावच्या प्रमुखांची बैठक सकाळीच झाली होती आणि त्यांनी तिथे शब्द देऊन टाकला होता.

"बुधवारी पहाटे इफोंगा," ते म्हणाले. "वकीलही तेच सांगते ना? बघ. मी न शिकताच सांगत होतो."

"काका, मुलगी नाही म्हणतेय."

"मुलगी नाहीच म्हणणार. मी म्हणतो हो. घराण्याचं तोंड कोण आहे, मी का ती?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "एसेता, उद्या आपल्याला गावाबाहेर काढलं तर कुठे जाशील? नवरा तुझा न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला गेला तो तिकडेच रुजला. माझी सगळ्यात भारी चटई काढतो, पेटीतली. एकदाही न उघडलेली. मग तरी गप्प बसशील?"

सालेफातात घरांना भिंती नाहीत. खांब, छप्पर आणि सगळ्यांचं सगळं सगळ्यांना दिसतं. कोण कोणाशी भांडलं, कोणी नारळाचं दूध जास्त ओतलं, हेही संध्याकाळपर्यंत चार घरांना माहीत. भिंती आणि कुलूप गावात एकाच घराला, पाळकांच्या. आणि चोरी झाली म्हणे तिथेच, कुलपाच्या आत.

तिलोमाई मागे नीरफणस भाजत होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"आई, मी पाळकांच्या घरच्या त्या पेटीला हात लावला तो फक्त धूळ पुसायला. तुला तरी पटतंय ना?"

"पटतंय."

"मग मला का बसवतेस?"

एसेता भांड्यांवर घसरली. सकाळची भांडी अजून तशीच, कोको सांडलेला, लक्ष कुठे असतं तुझं. पोरगी भांडी उचलून नळाकडे गेली. एसेताला स्वतःची लाज वाटली. वकीलबाईंना नावं ठेवत ती घरी आली होती, आणि आता स्वतः त्यांच्याहून वेगळं काही करत नव्हती.

बुधवारी पहाटे, अजून हात दिसेना अशा अंधारात, ते पाळकांच्या अंगणात पोचले. खरं तर चटईखाली घराण्याच्या प्रमुखाने बसायचं असतं. पण काकांचा गुडघा त्याच पहाटे नेमका दुखायला लागला. "तुम्ही दोघी बसा, मी शेजारी आहेच," असं म्हणून त्यांनी पेटीतली चटई काढली, घडी उलगडली आणि मायलेकींच्या डोक्यावरून पांघरली. स्वतः बाजूला मांडी घालून बसले, दुखऱ्या गुडघ्यासकट.

बसणं म्हणजे नुसतं बसणं. मान खाली, तोंड बंद. आतल्या माणसाला वाटेल तेव्हा तो बाहेर येणार. पाळक नेहेमियांना लवकर वाटेल अशी काही चिन्हं नव्हती. आधी त्यांच्या घरातून प्रार्थना ऐकू आली, दोन गाणी झाली, मग भाजलेल्या पावाचा वास आला. क्षमा करण्यापूर्वी त्यांचा नाश्ता व्हायचा होता. आजूबाजूच्या घरांत लोक उठले होते. खांबाला टेकून, पोरं मांडीवर घेऊन, सगळं गाव बघायला बसलं होतं. एवढी गर्दी रविवारी चर्चमध्येही होत नाही.

मग सहा वीसच्या बसने वकीलबाई उतरल्या, पांढऱ्या बुटांवर दव उडवत आल्या आणि फोनवर फोटो काढायला लागल्या.

"मान आणखी खाली घ्या मावशी," त्या हळूच म्हणाल्या. "चांगलं दिसेल."

एसेता शेजारी बसलेल्या तिलोमाईचा हात धरायला गेली तर पोरीने तो काढून घेतला.

ऊन वर आलं. एसेताच्या डोळ्यांसमोर चटईची आतली बाजू उजळली, पट्टीपट्टीतून बारीक उजेड झिरपायला लागला. चादरी धुणाऱ्या बाईची नजर सवयीने विणीवरून फिरू लागली. भारी काम होतं. काका खोटं बोलले नव्हते. एक वर, एक खाली, एक वर, एक खाली, कुठे सैल नाही, कुठे गाठ नाही. असा हात तिने आयुष्यात एकीचाच पाहिला होता. नजर डाव्या कोपऱ्याशी गेली आणि तिथेच थांबली. वीतभर जागेत उजेड वेगळाच पडत होता. दोन खाली, एक वर. दोन खाली, एक वर.

तिने बोट लावून बघितलं. मग पोरीचं बोट ओढून तिथे टेकवलं.

"आई, काय?"

"ही आजीची आहे."

तिलोमाई तो कोपरा चाचपत राहिली. ही गोष्ट तिने लहानपणापासून शंभर वेळा ऐकली होती. "मग ती सेउपुले आजोबांच्या पेटीत कशी आली?"

"तेच विचारते," एसेता म्हणाली. आणि मग हळूच, "तिलो, चुकलं माझं. मी तुला इथे आणायला नको होतं."

त्या सकाळी त्या चटईखाली खरी माफी मागितली गेली ती एवढीच. पोरीने या वेळी हात काढून घेतला नाही.

दार उघडलं. पाळक नेहेमिया पांढऱ्याशुभ्र कपड्यांत बाहेर आले, मागे पाळकीणबाई, डोळ्यांना रुमाल लावून. पाळकांनी दोन पावलं पुढे टाकली, वकीलबाईंच्या फोनकडे एकदा बघितलं आणि चटई उचलायला वाकले. चटई उचलली जाईना. त्यांनी जरा जोर लावला. एसेताने ती आतून दोन्ही हातांनी गच्च धरली होती.

"सोड ना," काका पुटपुटले. "माफ करतायत ते!"

"काका," चटईखालून खणखणीत आवाज आला, "आधी सांगा, ही एवढी भारी चटई तुम्हाला मिळाली कुठे?"

काकांना वाटलं, पुतणीला अखेर अक्कल आली, गावासमोर घराण्याचा मान वाढवतेय. ते दुखरा गुडघा विसरून ताडकन उभे राहिले.

"कुठे म्हणजे? सवाई बेटावर! चार महिन्यांपूर्वी, पाळकीणबाईंच्या सख्ख्या भावाला पदवी मिळाली, त्या समारंभात! शंभर पाहुणे जमले होते, त्यांत पहिली चटई कोणाच्या हातात दिली? या सेउपुलेच्या! आणि कोणी दिली? खुद्द पाळकीणबाईंनी, आपल्या हाताने!"

पाळकीणबाईंचा रुमाल डोळ्यांपाशीच थांबला.

एसेताने चटई डोक्यावरून मागे सारली आणि उन्हात डोळे बारीक करून बघितलं. "वकीलबाई, सोमवारी तुम्हाला सांगितलं होतं, डाव्या कोपऱ्यात काय आहे. लिहून घेतलं होतं?"

वकीलबाईंचा चेहरा लाल झाला. "नाही," त्या म्हणाल्या. "पण ऐकलं होतं." त्या पांढऱ्या बुटांसकट ओल्या गवतात गुडघ्यांवर बसल्या, कोपरा हातात घेतला आणि नाक लावून बघितला. "दोन पट्ट्या खालून," त्या मोठ्याने म्हणाल्या. "वीतभर." मग त्याचा फोटो काढला. एक नव्हे, सहा.

"अगं एसेता," पाळकीणबाई कशाबशा म्हणाल्या, "चटया सगळ्या सारख्याच दिसतात गं. कुठली कुठे गेली, कोण लक्षात ठेवतं? चर्चच्या शताब्दीला महिला मंडळाने ती अचानक मागितली, आणि मला काही सुचेना, म्हणून मी..."

"तुम्हाला सारख्या दिसतात. आयत्या मिळतात ना."

आजूबाजूच्या घरांतले लोक खांब सोडून पुढे सरकले. काका अजून उभेच होते, भाषणाचा हात हवेत, आणि आपण नेमकं काय सांगून बसलो ते त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरत होतं. पाळकांनी घसा खाकरला.

"आपण आत बसून बोलू," ते म्हणाले.

"नको. आत भिंती आहेत," एसेता म्हणाली.

तिने पोरीला हाताला धरून उठवलं. वकीलबाई घाईघाईने म्हणाल्या, "मावशी, चटई माझ्याकडे द्या, उद्या कोर्टात पुरावा म्हणून लागेल. कबुली वगैरे काही नाही आता. मी खटला लढवते."

"देते ना. पण आधी इथे लागेल."

तिने चटईचं एक टोक धरलं. दुसरं टोक न सांगताच तिलोमाईने धरलं. दोघींनी ती झटकली, हॉटेलात चादर झटकतात तशी, आणि खांद्याइतक्या उंचीवर ताणून धरली. खाली, त्या दोघी बसल्या होत्या तिथलं गवत अजून चेपलेलं होतं.

"या पाळकीणबाई," एसेता म्हणाली. "बसा. आमचाही नाश्ता व्हायचाय अजून."