छताकडे वळवलेला फ्लॅश

"हनुवटी जरा वर, आजी. आणि हसू नका," फोटोवाला प्यो म्हणाला.

"हसतंय कोण!" ऑकबून म्हातारी फणकारली.

फ्लॅश थेट तोंडावर उडाला. डोळ्यांपुढे हिरवे ठिपके नाचले, तरी तिची नजर सुनेच्या मांडीवरच्या गाठोड्यावरून हलेना. पांढऱ्या कापडाचं गाठोडं, कोपऱ्यातून रेशीम डोकावत होतं. पासपोर्टच्या फोटोला सणासमारंभाचा रेशमी हानबोक पोशाख कशाला? म्हणे जपानला गरम पाण्याच्या झऱ्यांवर जायचंय! इतकी वर्षं नाही सुचलं ते.

"पासपोर्टचं झालं," प्यो म्हणाला. "आता मोठा. त्याला फ्लॅश छताकडे वळवतो. उजेड पसरून येतो, चेहरा मऊ दिसतो."

मोठा! म्हणजे संशय खराच. भिंतीवर तसले फोटो ओळीनं टांगले होते. हानबोक घातलेले म्हातारे-म्हाताऱ्या, आपल्या अंत्यविधीला फुलांत ठेवण्यासाठी आधीच काढून घेतलेले. शेजारणीला तिच्या सुनेनं असंच गोड बोलून आणलं होतं, आणि वर्षाच्या आत ती गेलीसुद्धा.

"जिहूनची आई," ती सुनेला म्हणाली, "मला पोचवायची एवढी घाई झाली का गं?"

"काहीतरीच काय बोलता, आई!"

"मग हे गाठोडं कशाला? मी काय दूधखुळी आहे?"

गाठोडं सोडून सुनेनं कापड खुर्चीवर टाकलं आणि कपडे घेऊन पडद्याआड गेली. ऑकबून स्टुलावर ठाण मांडून बसली. काय वाटेल ते होवो, आपण तो हानबोक अंगाला लावून घ्यायचा नाही.

पडदा सरकला. हानबोक सुनेच्याच अंगात होता. फिकट गुलाबी, तिच्या लग्नातला. कापड ऑकबूननंच निवडलं होतं आणि तो सुनेला घट्ट झाला म्हणून चारचौघींत नावंही ठेवली होती. आज तो खांद्यांवरून ओघळत होता.

"जरा उठता का, आई? मोठा माझा आहे."

म्हातारीच्या तोंडाशी आलेला टोमणा तिथेच राहिला. हिवाळाभर सून भाताचा वाडगा अर्धा टाकून उठायची. नखरे नुसते, असं आपणच गल्लीभर सांगत फिरलो. तिला स्वतःची लाज वाटली.

"डॉक्टर काय म्हणाला?"

"घरी बोलू ना, आई."

"जिहूनच्या बापाला ठाऊक आहे?"

सुनेनं मान हलवली. नाही.

प्योनं फ्लॅश छताकडे उडवला, कॅमेऱ्यात पाहिलं आणि हळूच म्हणाला, "डोळ्यांखाली सावली येतेय. खालून काहीतरी पांढरं धरायला हवं."

ऑकबूननं खुर्चीवरचं कापड उचललं. दुखरे गुडघे टेकून ती सुनेसमोर बसली आणि तिच्या छातीखाली कापड ताणून धरलं.

"आई, उठा! गुडघ्यांचं काय—"

"गप्प बस. इकडे बघ, माझ्याकडे. आणि हस. तुला नाही कुणी मना केलेलं."

फ्लॅश उडाला. सून हसली होती, डोळे भरलेले असतानाच.

"झऱ्यांवर कधी जायचं म्हणालीस?"

"वसंतात... जमलं तर."

"पासपोर्ट आला की दुसऱ्या दिवशी निघायचं," ऑकबून म्हणाली. "काढा हो, अजून एक काढा." कापड तिनं खाली केलं नाही.