फाट्यापर्यंतची गाडी

माझं तोंड लई फाटकं, असं वस्तीवर सगळी म्हनत्यात. म्हनू द्या. पन महिंदरच्या गाडीची गोष्ट ऐकायची तर ती माझ्याच तोंडून ऐकावी लागंल. आमचे हे सांगाया बसले की निम्मी गोष्ट इंजिनातच अडकून बसती.

हे म्हंजे सहादू, माझा नवरा. मिलिटरीत पंधरा वर्सं गाडी हाकून घरी आलेला मानूस. नगरच्या कर्जतकडून येनाऱ्या डांबरी रस्त्याला आमचा फाटा हाय. तिथं गोरक्षनाथची चहाची टपरी आन फोनचा बूथ. फाट्यापासनं आमची वस्ती तीन किलोमीटर आत, आन मधी नुसती काळी माती. उन्हाळ्यात तिच्या भेगांत पाय जातो, पावसाळ्यात ती चप्पल ठिवून घेती आन मानसाला पुढं सोडती.

महिंदर ह्यांचा धाकटा भाऊ. सासूबाई गेल्या तवा तो सात वर्सांचा, मी सोळाची. लोक म्हनत्यात, बनाबाई, दिराला भावजी म्हनावं, अहोजाहो करावं. ज्याचा शेंबूड मी पदरानं पुसला त्याला कसलं अहोजाहो? हे तवा तिकडं आसामात. पावसाळ्यात पोराची शाळा बुडू नये म्हनून ह्याच गाऱ्यातनं, चिखलातनं मी त्याला खांद्यावर बसवून फाट्यापर्यंत न्यायची. आन हा शाना वरनं हुकूम सोडायचा, "वैनी, हळू चाल, माझी पाटी भिजंल." मला पोटचं मूल न्हाई झालं. कुनी इचारलं की मी महिंदरकडं बोट करायची.

पोरगं शिकलं, इंजिनेर झालं, पुन्यात कंपनीत लागलं. दीपासारखी गुनाची बायको मिळाली. सगळं बेस झालं. फकस्त घरी यायचं बंद झालं.

बंद म्हंजे कसं, यायचा, पन फाट्यापर्यंत. आदी मोटरसायकल हुती, तर म्हनायचा, वैनी, गाऱ्यात घसरती. मग बारकी कार घेतली, तर ती खाली घासती. नाचता येईना अंगन वाकडं! मग आमीच तीन किलोमीटर तुडवत फाट्यावर जायचं, त्यानं काचेतनं पिशवी द्यायची, दोन शबूद बोलायचे, आन निघायचं. इंजिन बंद सुदीक करायचा न्हाई.

दोन वर्सांमागं मी त्याच्यासाठी शेंगुळे केले. हुलग्याच्या पिठाचे, लसनाच्या गरम पान्यात शिजवलेले. लहानपनी ह्याला शेंगुळे दिसले की जेवताना मांडी हलायची. डबा पदराखाली धरून मी गारा तुडवत फाट्यावर गेले. तर हा काय म्हनला ठावं हाय का? "वैनी, राहू दे गं. गाडीत सांडतील."

मी तो डबा तसाच उलट्या पावली घरी आनला. वाटंत रडले न्हाई. घरी आल्यावर शेळीवर वरडले, मग रडले. दुसऱ्या दिवशी ह्यांना सांगितलं, "त्याला सांगा, ही बनाबाई आता त्या फाट्याकडं त्याच्यासाठी एक पाऊल टाकनार न्हाई. शेंगुळे खायचे तर माझ्या चुलीपाशी येऊन खा म्हनावं." दोन वर्सं मी शबूद पाळला. तो आला की हे एकटे जायचे. मी घरात बसून भांडी घासायची, घासलेलीच परत घासायची.

मग अठ्ठ्यान्नव साली, श्रावनात, हे बूथवरनं पळत आले. पासष्टीकडं झुकलेला मानूस, पळतोय!

"बने, महिंदरनं नवी गाडी घेतली! मोठी, उंच! आन फोर व्हील हाय!"

"मग? चार चाकं असत्यातच की गाडीला," मी म्हनलं. "तीन असली तर रिक्षा."

"अगं येडे, चाकं चार असली तरी ओढत्यात दोनच. बाज उचलायला चौघं लागले, पन दोघांनी नुसता हात लावला तर बाज उचलल का? तसं. फोर व्हीलला चारी चाकं ओढत्यात. आसामच्या चिखलातनं आमची जीप कशी निघायची, म्हैस निघावी तशी! आता महिंदर थेट दारात येतोय बघ. उगं का त्यानं फोर व्हील घेतली? त्याच्या मनात यायचं असल म्हनून तर घेतली!"

ह्यांनी फोनवर लई खडसावून इचारलं हुतं म्हने. "फोर व्हील का?" आन तिकडनं तो वरडला, "हो दादा, फोर व्हीलर!" गोरक्षनाथ साक्षीला हुता.

झालं. ह्यांच्या अंगात वारं शिरलं. गाडी अंगनात उभी ऱ्हायला जागा पायजे म्हनून शेळ्यांची सपरी मोडली आन परसात नेली. काट्यांची कुपाटी चार हात मागं सारली. आसारामच्या ट्रॅक्टरनं तीन खेपा मुरूम आनून अंगनात टाकला, धुम्मसानं ठोकून ठोकून जमीन अशी केली की तिथं भाकर थापावी. आसाराम आमचा शेजारी, वस्तीवर ट्रॅक्टर त्या एकट्याचाच. त्यालाबी ह्यांनी जाता येता ऐकवलं, "आमच्या महिंदरची फोर व्हील हाय बरं का." आसाराम म्हनला, "दादा, माझा ट्रॅक्टर काय तीन व्हील हाय का?"

मी वरनं कटकट करत हुते, शेळ्यांना कशाला तरास म्हनून. पन खरं सांगते, मुरुमावर पानी मारायला रोज मीच जायची.

महिंदर म्हनला, दसऱ्याला येतो. धम्मचक्राचा दिवस. सकाळी विहारात वंदना झाली, मी पांढरं पातळ नेसूनच चुलीपुढं बसले आन शेंगुळे वळाय घेतले. आदल्या दोन दिवसांत परतीच्या पावसानं झोडपलं हुतं. मी म्हनलं, "अहो, गारा लई हाय." हे म्हनले, "असू दे. फोर व्हील हाय."

दुपारी आवाज आला. मी दारात उभी ऱ्हायले. लांबनं गाडी दिसली, जांभळट रंगाची, घरावानी उंच, काचा काळ्या. फाट्यावर न थांबता आत आली हुती! गाडी आली, आली, दोन शेतं पल्याड ओढ्याच्या उतारापाशी आली, आन बसली. मागची दोन चाकं चक्कीवानी गरगर फिरली, गारा उडाला. पुढची दोन पाव्हन्यावानी गप बसून ऱ्हायली.

हे पळाले. मी मिनिटभर उंबऱ्यावर ऱ्हायले. एक पाऊल टाकनार न्हाई म्हनले हुते ना. पन पोरगं गाऱ्यात उतरून उभं ऱ्हायलेलं दिसलं, आन माझा शबूद गेला चुलीत. दोन रिकामी पोती काखंत मारली आन निघाले.

पोचते तर हे उताने गाडीखाली. सदरा गाऱ्यानं भरलेला. बाहेर आले, चेहरा उतरलेला.

"महिंदर, हिच्या पुढच्या चाकांमधी ती फिरवनारा गोळाच न्हाई. ओढनारं कायबी न्हाई. ही फोर व्हील कुठं हाय?"

"फोर व्हीलर आहे ना दादा," महिंदर म्हनला. "म्हणजे... टू व्हीलर नाही, कार. तू तेच विचारलं होतंस ना?"

घ्या! ह्यांनी इचारलं एक, त्यानं सांगितलं दुसरं, आन मधल्या मधी माझ्या शेळ्या परसात! मला हसूबी आलं आन रागबी आला. पन ह्यांना हसू आलं न्हाई.

"दुकानात फोर व्हीलची न्हवती का ही?"

"होती."

"मग इचारलं न्हाई त्यानं, कंची घेता?"

महिंदर बुटाकडं बघत ऱ्हायला. खोटं बोलायची सवय त्याला लहानपनीबी न्हवती. "विचारलं, दादा. तो म्हणाला, साहेब, कच्च्या रस्त्यावर जाणार असाल तर फोर व्हील घ्या. गावी जाता का? मी म्हटलं, जातो. पण फाट्यापर्यंतच."

ह्यांनी हात पोत्याला पुसले. मला एवढा राग आला, म्हनलं आता ह्याच्या थोबाडीत द्यावी. एवढी मोठी गाडी, गारेगार हवेची, सोफ्यावानी गाद्यांची, आन घेतानाच ठरवून घेतली की भावाच्या दारात न्यायची न्हाई! नाव सोनूबाई आन हाती कथलाचा वाळा!

"चल," मी म्हनलं. "शेंगुळे निवतील."

त्यानं बूट काढून हातात घेतले. पँट गुडघ्यापर्यंत वळली. दोन शेतं आमी तिघं गारा तुडवत चाललो. मधी एकदा तो घसरला, मी दंडाला धरलं. सोडाया गेले तर त्यानं माझा हात सोडला न्हाई.

अंगनात आला आन थांबला. शेळ्यांची सपरी हुती तिथं ठोकलेला मुरूम, चारी बाजूनं विटा लावलेल्या. हौसंच्या भरात ह्यांनी त्या विटांना चुनाबी लावला हुता.

"हे काय केलंय वैनी?"

मी म्हनलं, "तुझ्या गाडीची जागा."

तो तिथंच खाली बसला. इंजिनेर मानूस, पाय गाऱ्यानं भरलेले, बुटं हातात, आन डोळ्याला हात लावून लहान पोरावानी रडाय लागला. हे म्हनले, "अरं, उठ, मुरूम ओला हाय." आमच्या ह्यांना अशा वक्ताला हेच सुचतं.

शेंगुळ्याची तिसरी वाटी खाताना त्यानं इचारलं, "दादा, आज गाडी निघेल का? उद्या ऑफिस आहे."

आता ऐका माझं पाप. मी परसात गेले, आन बांधावरनं आसारामला हाक मारली. म्हनलं, "आसाराम भाऊ, कुनी इचारलं तर तुझा ट्रॅक्टर मोडलाय."

"मोडला न्हाई, वैनी. चांगला चालू हाय."

"मोडलाय म्हनते ना!"

आसाराम शाना मानूस. "व्हय व्हय," म्हनला. "लई मोडलाय."

घरात येऊन मी सांगितलं की ट्रॅक्टर बंद हाय, पार्ट नगरवरनं यायचाय, परवापर्यंत कायबी होनार न्हाई. ह्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं. पंधरा वर्सं मिलिटरीत काढलेला मानूस, कवा गप बसायचं ते त्यांना कळतं.

महिंदर म्हनला, "मग दादा, तू फाट्यावर गेलास की दीपाला फोन कर. सांग, गाडी अडकलीय, दोन दिवस लागतील."

दोन दिवस! दोन रात्री पोरगं माझ्या घरात झोपलं. कोंबडा आरवल्यावर शिव्या दिल्या, आडावर आंघोळ केली, शेळीचं दूध काढाय गेला आन लाथ खाल्ली. ह्यांनी त्याला शेतात नेऊन बाजरी दाखवली, त्यानं ह्यांना गाडीतला टेप लावून दाखवला. दोघं भाऊ त्या रुतलेल्या गाडीत बसून गप्पा मारायचे, आन मी चहा घेऊन जायची. पयल्यांदाच त्या गाडीत बसले. गादी लई मऊ. तिसऱ्या दिवशी सकाळी मला एकच वाटत हुतं, खरी फोर व्हील असती तर हा दसऱ्याला सांजच्यालाच निघून गेला असता.

तिसऱ्या दिवशी आसाराम ट्रॅक्टर घेऊन आला. साखळी लावली, गाडी बाहेर ओढली. महिंदर त्याला म्हनला, "झाला का दुरुस्त?"

"व्हय तर," आसाराम म्हनला. "नगरवरनं पार्ट आनला."

"मग काल सकाळी दुधाच्या किटल्या घेऊन फाट्यावर गेला होता, तो बिनपार्टाचाच का?"

आसाराम माझ्याकडं बघाय लागला. हे आभाळाकडं बघाय लागले. माझी जीभ, जी कवाच अडत न्हाई, ती टाळूला चिकटली.

"मी दारातनं पाहिला, वैनी," महिंदर म्हनला. "पाहिला, आणि परत येऊन पांघरूण घेऊन झोपलो."

मी म्हनलं, "लबाड हायेस."

"तू शिकवलंस."

मग मी घरात गेले आन डबा आनला. सकाळीच केलेले शेंगुळे, रस्सा काठोकाठ. दोन वर्सांमागचाच डबा. मी तो त्याच्यापुढं धरला, पन हात थोडा मागंच हुता माझा. त्यानं डबा घेतला आन झाकन न बघता पुढच्या मऊ गादीवर ठिवला.

"अरं, सांडंल की," मी म्हनलं.

"सांडू दे, वैनी," तो म्हनला. "दिवाळीला दीपाला घेऊन येतो, तेव्हा तूच पुसून काढ."

गाडी ओढा चढून गेली. हे मुरुमावरच्या विटा नीट करत बसले, आन शेळ्यांना परत पुढं आनायचं का म्हनून मी इचारलं, तर म्हनले, दिवाळीपर्यंत असू देत परसातच.