मालकांशी थेट बोला

पेणच्या रामवाडीतल्या आमच्या घराची मालक मी आहे. खरेदीखत माझ्या नावावर, घरपट्टी माझ्या नावावर, आणि गडबच्या उपकेंद्रात नर्स म्हणून निम्म्या तालुक्याला सुया टोचून ते बांधलंही मीच. हे आधीच सांगून टाकते. घर विकायला काढल्यापासून इतक्यांदा सांगावं लागलंय की आता तोंड दुखतं.

विकायचं कारण साधं आहे. यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. यांना उठवायचं, मोरीपर्यंत न्यायचं, आंघोळ घालायची, परत आणून खुर्चीत बसवायचं, हे सगळं करून माझी कंबर कामातून गेली. आमचा मुलगा हर्षद रोह्याला राहतो. धाटावच्या कंपनीत शिफ्टमध्ये असतो, त्याला रोज पेणला येणं कुठून जमणार? त्याच्या शेजारची तळमजल्याची जागा विकाऊ आहे आणि तो मालक दिवाळीपर्यंत थांबायला तयार आहे. तोवर हे घर गेलं तर आम्ही सुटलो. नाहीतर एक दिवस मोरीत दोघंही पडू आणि शेजाऱ्यांना कळायला दुपार होईल. ही भीती मला रोज सकाळी यांच्या काखेत हात घालताना वाटते.

दलालाला टक्केवारी द्यायची माझी इच्छा नव्हती. एसटी स्टँडसमोर निकेश नावाच्या पोरसवदा माणसानं नवीनच दुकान काढलं होतं. एकदाच ठरावीक फी भरायची, मग घर विकलं जाईपर्यंत जाहिरात त्याच्या काचेच्या फलकावर आणि दर रविवारी पेपरात घालून येणाऱ्या पत्रकात. दलाली शून्य. मात्र घर दाखवायचं, भाव करायचा, सगळं आपलं आपण. निकेशनंच मजकूर लिहिला: ‘रामवाडी, स्वतंत्र घर, विहीर, नळ. मालकांशी थेट बोला.’ मला तेव्हा काही खटकलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पहिल्या रविवारी नागोठण्याचं एक जोडपं आलं. मी दार उघडलं.

“मालक हायत का?”

“मीच. या ना.”

“तसं नाय, घरातले मालक.” आणि बाईनं माझ्या खांद्यावरून आत पाहिलं.

घरातले मालक ओसरीच्या आतल्या बाजूला खुर्चीत बसलेले होते. एके काळी हा माणूस मिठागरावर मुकादम होता. याचा आवाज खाडीच्या पलीकडे जायचा, घरात आला की शेजारीपाजारी म्हणायचे, दत्तात्रेय आला वाटतं. झटक्यानंतर त्या सगळ्या बोलण्यातून एकच शब्द उरला: व्हय. पाणी हवं का, व्हय. पुरे का, व्हय. दुखतंय का, व्हय. बरं वाटतंय का, व्हय. मी आपली अंदाजानं चालवते.

पण लोकांना ते कुठं माहीत? जो येई तो मला ओलांडून यांच्यापुढे जाऊन बसे. मी चहा करून आणीपर्यंत यांनी सगळं कबूल केलेलं असे. विहिरीला उन्हाळ्यात पाणी असतं का, व्हय. छप्पर गळतं का, व्हय. मागच्या वाटेचं भांडण आहे का, व्हय. कुणी घाबरून जाई, कुणी खुशीत. मी खरं सांगायला गेले की माणसं माझ्याकडे संशयानं बघत, बाई मालकांना खोटं पाडते म्हणून. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत झाली. रविवार आला की मला सकाळपासून थकल्यासारखं व्हायचं.

सगळ्यांत कहर केला गडबच्या कमळाकरशेठनं. हायवेवर त्याचं दुकान आहे. त्यानं यांना अर्धी किंमत सांगितली, यांनी ‘व्हय’ म्हटलं, आणि पुढच्या रविवारी हा गृहस्थ पेढे घेऊन हजर.

“कसले पेढे?” मी विचारलं.

“व्यवहार ठरला ना गो नर्सबाई! मालकांनी शब्द दिलाय.”

“त्यांच्याकडे शब्दच एक आहे, शेठ. तो ते सगळ्यांनाच देतात.”

“पुरुषाचा शब्द हाय. असा फिरवता नाय यायचा.”

मी यांच्याकडे वळून विचारलं, “अहो, शेठ मूर्ख आहेत का?” यांनी मान हलवून स्वच्छ सांगितलं, “व्हय.” शेठ पेढ्यांसकट गेला. मी हसले, पण त्या दिवशी दुपारी जेवण गेलं नाही. दिवाळी जवळ येत चालली होती.

सोमवारी निकेशकडे गेले. म्हटलं, तुझा तो ‘मालक’ काढ. तो म्हणाला, “मालकीण लिहू?” मी म्हटलं, मालकीण म्हणजे मालकांची बायको. लोक येऊन म्हणतील, आता मालकांना बोलवा. त्यानं डोकं खाजवलं. “मग ‘मालक’ लिहून कंसात ‘स्त्री’ लिहू?” एसटी स्टँडच्या मुतारीवर लिहितात तसं! आपल्या भाषेत माझ्यासाठी शब्दच नाही म्हटल्यावर कुणाशी भांडणार? शेवटी त्याला लिहायला लावलं, ‘नर्सबाईंशी बोला.’ या बदलाची त्यानं वेगळी फी मागितली नाही एवढे उपकार.

त्यानंतर गागोदे बुद्रुकचा गोविंदा आला. भातशेती, थोडे वाल, आणि मुलगी पेणला कॉलेजात घातलेली. रोज एसटीनं जाऊनयेऊन ती पार वाळून गेली होती. त्यानं दारातूनच विचारलं, “नर्सबाई कोन?” मला त्याला तिथंच घर देऊन टाकावंसं वाटलं. त्यानं कौलं बघितली, विहिरीत वाकून बघितलं, भिंतीला हात लावून ओल बघितली. भाव माझ्याशी केला, तोही माणसासारखा. कागद बघितले, माझं नाव बोट ठेवून वाचलं. ठरलं. माझ्या डोळ्यांसमोर रोह्याची तळमजल्याची मोरी आली आणि हर्षदचे दोन धडधाकट हात.

मग उठता उठता तो थांबला.

“एक इचारू, बाई? मालकांचं मन हाय ना?”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. “कागद माझ्या नावावर आहे. आत्ताच वाचलात ना?”

“कागद तुमचाच. मी मनाचं इचारतो. घरातला एक मानूस नाराज असला तर त्या घरात माझी पोर नाय ठेवायचा मी. तळतळाट नको कुनाचा. तुमी इचारलंत ना त्यांना?”

हर्षदला विचारलं होतं, सुनेला विचारलं होतं, शेजारणीलाही. मला कुणी विचारत नाही म्हणून रोज चरफडत होते, आणि ज्या माणसाला उचलून नेऊन दुसऱ्या गावात ठेवणार होते, त्याच्याशी याबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. “बसा, चहा घ्या,” म्हणून त्याच्या हातात कप दिला आणि मी आत गेले.

हे खिडकीतून रस्त्याकडे बघत होते. मी समोर पाटावर बसले.

“अहो, घर विकतेय. रोह्याला हर्षदजवळ जायचं. येणार ना?”

“व्हय.”

तिथंच उठायला हवं होतं. पण त्यांचे डोळे भरल्यासारखे दिसले. तसे ते हल्ली उजेडानंही भरतात.

“की इथंच राहायचंय तुम्हांला?”

“व्हय.”

तोच आवाज, तीच मान. मी त्यांचा डावा हात हातात घेतला, बोटं दाबून पाहिली, तोंडाकडे निरखून पाहिलं. इतक्या वर्षांचा संसार, पण मला काहीही कळलं नाही. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला, यांचा, माझा, कुणाचा ते ठाऊक नाही. मग पदरानं त्यांचे डोळे पुसले, माझे पुसले, आणि कंबरेवर हात देऊन उठले.

गोविंदानं चहा अर्धाच प्यायला होता. “काय म्हनले?”

“व्हय म्हणाले,” मी सांगितलं.